नव्या विंडोजमध्ये हाताच्या जागा हरवल्या: जुनी मांडणी परत आणावी की नवी शिकावी?

अक्षरजुळणी (नारायण पेठ), २४ नोव्हेंबर २०२५

नमस्कार. नारायण पेठेत आमचे अक्षरजुळणीचे आणि मुद्रितशोधनाचे छोटे कार्यालय आहे. माणसे चार, संगणक पाच. पुस्तके, स्मरणिका, संस्थांचे वार्षिक अहवाल आणि पावसाळा लागला की दिवाळी अंक, असे आमचे वर्ष ठरलेले असते. विंडोज १० ची सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार हे आम्हाला बरेच आधी माहीत होते. परंतु दिवाळी अंकांच्या घाईत चालत्या संगणकाला हात लावायचा नाही, असे आम्ही ठरवले होते. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झाले, सुट्टी संपली आणि मग एका विक्रेत्याकडून चार संगणकांवर विंडोज ११ घालून घेतले. पाचव्या संगणकाचा प्रोसेसर जुना असल्याने त्यावर ते चढत नाही, म्हणून तो आहे तसाच ठेवला आहे.

काम बंद पडलेले नाही, हे आधी सांगते. परंतु प्रत्येक कृतीला थोडा थोडा जास्त वेळ लागतो, आणि संध्याकाळी माणसे पूर्वीपेक्षा अधिक थकलेली दिसतात.

आमच्याकडचे सर्वांत ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो, वयाच्या सतराव्या वर्षी छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, जुळवायला लागले. केसमधल्या, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीतल्या, कोणत्या खणात कोणते अक्षर आहे हे त्यांच्या बोटांना माहीत असे, नजर फक्त हस्तलिखितावर असायची. संगणकावरही ते तसेच काम करतात. मागच्या मंगळवारी मी त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि नेमके काय होते ते पाहिले. त्यांचा हात सवयीने पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात जातो. तिथे पूर्वी स्टार्टचे बटण होते; आता तिथे हवामानाचे चिन्ह आहे आणि त्यावर बाण पोहोचला की बातम्यांची मोठी चौकट उघडून जुळवलेले अर्धे पान झाकून टाकते. काका ती बंद करतात, मग मधोमध असलेले स्टार्ट शोधतात. तेही रोज एका जागी नसते, कारण जितक्या जास्त फायली आणि सॉफ्टवेअर उघडावीत तितके ते डावीकडे सरकते. साडेदहा ते बारा या वेळात मी हे सात वेळा पाहिले. एकदाही काकांनी तक्रार केली नाही, आणि मला त्याचेच जास्त वाईट वाटले.

दुसरी गोष्ट राइट-क्लिकच्या यादीची. पूर्वी तिथे नाव बदलण्यासाठी शब्द होता. आता कापणे, नक्कल, नाव बदलणे आणि काढून टाकणे ही सगळी कामे बारीक चिन्हांच्या एका ओळीत आहेत. शिवाय बाण पडद्यावर कुठे आहे त्यानुसार ही ओळ कधी यादीच्या वर येते, कधी खाली. एका पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणाचे दुसरे मुद्रित नाव बदलताना काढून टाकले गेले. रिसायकल बिनमधून ते परत मिळाले. पण दुरुस्त्या घातलेला फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा संच, गेला असे वाटून ती दहा मिनिटे कशी गेली ते आम्हालाच ठाऊक.

तिसरी अडचण आमच्या तरुण सहकारी मुलीची आहे. ती टास्कबार, म्हणजे पडद्याच्या तळाशी असणारी चिन्हांची पट्टी, डाव्या कडेला उभा ठेवत असे, म्हणजे पानाला पूर्ण उंची मिळते आणि शेवटच्या ओळी दिसण्यासाठी सरकवावे लागत नाही. ती सोयच आता सापडत नाही.

माझा प्रश्न असा आहे. जुने रूप परत आणून देणारी काही सॉफ्टवेअर मिळतात असे ऐकले आहे. ती घालून सर्वांना जुन्या जागा परत द्याव्यात, की दोन-तीन महिने त्रास सोसून सर्वांनी नवी मांडणीच शिकून घ्यावी? आणि आमची ही तक्रार रास्त आहे, की बदल नको असलेल्या माणसांची ती नेहमीची कुरकुर आहे? ज्यांनी हा टप्पा पार केला आहे त्यांनी कृपया सांगावे.

---

संगणकसेवा (तपकीर गल्लीजवळ)

ताई, मी लहान कार्यालयांच्या संगणकांची देखभाल करतो. गेल्या दोन महिन्यांत तुम्ही लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक अडचणीसाठी मला कुणी ना कुणी बोलावले आहे, त्यामुळे आधी उपाय सांगतो.

मात्र त्याहून आधी एक गोष्ट तातडीने तपासा. विंडोजचे बटण आणि आर ही कळ एकत्र दाबा, जी चौकट उघडेल तिच्यात विनव्हर (winver) हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करा आणि आवृत्ती कोणती दिसते ते पाहा. मला शंका अशी की राइट-क्लिकच्या यादीतील चिन्हांखाली शब्द नाहीत असे तुम्ही म्हणता, आणि ते शब्द तर २४एच२ या आवृत्तीपासून परत आलेले आहेत. म्हणजे तुमच्याकडे बहुधा २३एच२ किंवा त्याआधीची आवृत्ती घातली गेली आहे. होम आणि प्रो या प्रकारांसाठी २३एच२ ची सुरक्षा-अद्यतने ११ नोव्हेंबर २०२५ रोजी थांबली. ज्या कारणासाठी तुम्ही हा सगळा त्रास सोसला, ते कारणच अशाने निष्फळ होते. तेव्हा सर्व संगणक आधी पुढच्या आवृत्तीवर न्या, मांडणीचे काम त्यानंतर करा.

आता काकांचा कोपरा. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात टास्कबार, आणि तिथे सर्वांत खाली टास्कबार बिहेवियर्स असा भाग आहे. तो उघडून अलाइनमेंटमध्ये लेफ्ट निवडले की स्टार्ट डाव्या कोपऱ्यात जाते आणि तिथून हलत नाही. त्याच पानावर वरच्या बाजूला विजेट्सचा खटका आहे, तो बंद केला की बातम्यांची चौकट उघडण्याचा प्रश्न मिटतो. टास्कबारवर प्रत्येक फाइल तिच्या नावासह वेगळी दिसावी असे वाटत असेल, तर त्याच भागात बटणे एकत्र करण्यासंबंधीचा पर्याय नेव्हर असा ठेवा. तुमच्या कामात एकाच पुस्तकाची पाच प्रकरणे एकाच वेळी उघडी असणार, त्यामुळे त्याचा फरक लगेच जाणवेल.

राइट-क्लिकची जुनी, लांब यादी हवी असेल तेव्हा शिफ्टची कळ दाबून धरून राइट-क्लिक करावे. ती थेट उघडते. तरीही नाव बदलण्यासाठी काकांना एफ २ ची कळ शिकवा, असे मी आग्रहाने सांगेन. फाइल निवडायची, एफ २ दाबायचे, नाव टाइप करायचे. जी कृती रोज पन्नास वेळा करावी लागते, तिच्यासाठी यादी उघडणेच नको.

जुने रूप आणून देणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल माझे मत स्पष्ट आहे. घरी हौसेने वापरायला हरकत नाही, पण ज्या संगणकावर रोजी-रोटीचे काम चालते तिथे मी ती घालत नाही. ही साधने प्रणालीच्या आतल्या भागांत शिरून तिचे वागणे बदलतात. मोठे अद्यतन आले की आतले भाग बदलतात आणि मग एखाद्या सकाळी टास्कबारच दिसत नाही. असे संगणक मी दुरुस्त केलेले आहेत, आणि तशी सकाळ नेमकी छपाईच्या तारखेलाच उगवते.

पाचव्या संगणकाविषयी थोडक्यात. घरगुती वापराच्या विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा-अद्यतनांची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. कार्यालयांसाठीची योजना वेगळी आणि सशुल्क आहे. त्या संगणकावर जुन्या फाँटमधल्या फायली आणि डोंगलवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या परवान्याच्या छोट्या किल्लीवर, चालणारे सॉफ्टवेअर असेल तर त्याचे इंटरनेट काढून टाका आणि त्याला फक्त जुन्या कामासाठी ठेवा.

---

निवृत्त आरेखक (कोथरूड)

मी पिंपरीच्या एका कारखान्यात आरेखन विभागात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिकांना आठवड्यातून दोन दिवस संगणक शिकवतो. संगणकसेवा यांचे उपाय अचूक आहेत. मला तुमच्या शेवटच्या प्रश्नाविषयी, म्हणजे ही तक्रार रास्त आहे की नाही याविषयी लिहायचे आहे, कारण तो प्रश्न माझ्याही वर्गात दर वेळी निघतो.

स्टार्टचे बटण २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बरोबर आले. पुढची सतरा वर्षे ते डाव्या खालच्या कोपऱ्यात होते. २००१ साली एक्सपी आले तेव्हा त्याचा निळा-हिरवा रंग पाहून आमच्या विभागात बरीच नाराजी झाली होती, परंतु जुने करडे रूप एका पर्यायाने परत घेता येत असे आणि आम्ही कित्येक जणांनी ते घेतलेही. विंडोज ७ पर्यंत ती सोय टिकली. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ आले आणि त्यात ते जुने रूपही गेले व स्टार्टचे बटणही गेले. त्याच्या जागी पडदाभर रंगीत चौकटी आल्या. लोकांची नाराजी इतकी होती की वर्षभरात, १७ ऑक्टोबर २०१३ रोजी आलेल्या ८.१ मध्ये बटण परत आले, आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये मेनूही परत आला. ज्यांनी तेव्हा तक्रार केली त्यांना कुरकुर करणारे म्हटले गेले होते; परंतु बटण परत आले ते त्यांच्यामुळेच.

माझ्या मते बदल नवीन आहे की जुना, हा मुद्दा नाही. जुनी वाट काही काळ शेजारी उघडी ठेवली आहे का, हे पाहावे. एक्सपीच्या वेळी ती होती, म्हणून ज्याला जेव्हा सवड मिळाली तेव्हा तो नव्या रूपाकडे गेला. आता शिकायची वेळ आपण ठरवत नाही, ती आपल्यावर येऊन पडते. तुम्ही दिवाळी अंक संपेपर्यंत थांबलात, हा शहाणपणाचा निर्णय होता.

आता माझा स्वतःचा अनुभव. आम्ही ऑटोकॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरवर काम करत असू. त्याच्या २००९ च्या आवृत्तीत वरच्या चिन्हपट्ट्यांच्या जागी रिबन, म्हणजे गटागटांनी मांडलेली रुंद पट्टी, आली आणि जे सहकारी चिन्हांवर बोट ठेवून काम करत होते ते अक्षरशः हतबल झाले. जे रेषेसाठी एल आणि वर्तुळासाठी सी टाइप करत होते, त्यांना वरती काय बदलले हे कळलेसुद्धा नाही. मी पहिल्या गटात होतो. त्या महिन्यात मी घरी वहीत आज्ञा लिहून पाठ केल्या. पुढे काही वर्षांनी जुनी मांडणी निवडण्याचा पर्यायही काढून टाकण्यात आला, तेव्हा त्या वहीनेच मला तारले.

म्हणून काकांना कळा शिकवाव्यात असे मीही म्हणेन, मात्र एका आठवड्यात एकच. पहिल्या आठवड्यात फक्त एफ २. दुसऱ्या आठवड्यात विंडोज आणि ई, ज्याने फायलींची खिडकी उघडते. तिसऱ्या आठवड्यात विंडोजचे बटण दाबून सॉफ्टवेअरच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरे टाइप करणे. ही सोय २००७ च्या व्हिस्टापासून अखंड चालू आहे, मेनू मधोमध असो की कोपऱ्यात. माझ्या वर्गात एका बाईंना मी एकाच दिवशी आठ कळांचा कागद दिला होता. त्यांनी तो जपून घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पुन्हा कधी उघडला नाही. त्यानंतर मी तशी चूक केली नाही.

---

पडदारचना (बाणेर)

मी सॉफ्टवेअरच्या पडद्यांची रचना करते, म्हणजे ज्या प्रकारच्या बदलाबद्दल आपण बोलत आहोत तो करणाऱ्यांच्या बाजूची आहे. त्यामुळे दुसरी बाजूही नीट मांडावी असे वाटते.

मधोमध ठेवण्यामागे विचार आहे. पूर्वीचे पडदे लहान आणि चौकोनी होते. आजच्या रुंद पडद्यावर डावा कोपरा नजरेपासून बराच दूर पडतो. नव्याने संगणक हाती घेणाऱ्याला समोर दिसणारे बटण लवकर सापडते. परंतु ज्याला ते शोधायचेच नाही, ज्याचा हात न पाहता तिथे जातो, त्याच्यासाठी हिशेब उलटा होतो. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवले की हाताला लक्ष्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ लक्ष्याच्या अंतरावर आणि आकारावर अवलंबून असतो. पडद्याच्या कोपऱ्यातले बटण लहान असले तरी बाण कितीही जोरात भिरकावला तरी कडेवर थांबतो, पुढे जाऊ शकत नाही. म्हणून नेम धरावा लागत नाही. मधल्या बटणावर नेम धरावा लागतो, आणि तुम्ही म्हणता तसे ते सरकत असेल तर दर वेळी नव्याने धरावा लागतो. काकांचे सात वेळा चुकणे हे वयामुळे किंवा हट्टामुळे झालेले नाही. ज्या गुणामुळे तो कोपरा उपयोगी होता, तो गुण मधल्या जागेला नाही, एवढेच त्याचे कारण आहे.

तुम्ही सांगितलेली खिळ्यांच्या केसची गोष्ट मी आमच्या गटात वाचून दाखवली. काकांचे एक कौशल्य मात्र या बदलात अबाधित राहिले असणार, त्याकडे लक्ष वेधते. ते इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलक-मांडणीत टाइप करत असतील तर क, र, त यांच्या जागा जिथे होत्या तिथेच आहेत, कारण ती मांडणी १९९१ साली भारतीय मानकात नोंदली गेली आणि कोणतीही कंपनी तिला आपल्या मर्जीने हलवत नाही. कळफलकाला आपण सार्वजनिक मालमत्ता मानतो, पडद्याला मानत नाही. हा फरक मला या व्यवसायात राहूनही पटत नाही.

काही सोयी सुरुवातीला गायब होत्या, त्याचे कारण असे की विंडोज ११ चा टास्कबार जुन्यावर डागडुजी करून नव्हे तर नव्याने बांधला गेला. नवे घर बांधताना जुन्या घरातली खुंटी, कोनाडा, फडताळ असे प्रत्येक मोजून घेतले नाही तर राहून जाते. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी ते आले तेव्हा फाइल ओढून टास्कबारवर नेता येत नव्हती; ते २०२२ च्या आवृत्तीत परत आले. फायलींची नावे वेगळी दाखवणे २०२३ मध्ये, चिन्हांखालचे शब्द २०२४ मध्ये. या मागण्या लोक सतत नोंदवत होते. तुमच्या सहकारी मुलीचा उभा टास्कबार मात्र अजून आलेला नाही. तिने विंडोज आणि एफ या कळा दाबून अभिप्रायाची खिडकी उघडावी आणि आपली गरज नेमक्या शब्दांत नोंदवावी: पानाची उंची, शेवटच्या ओळी, दिवसातून किती वेळा सरकवावे लागते. 'जुने चांगले होते' एवढेच लिहिलेल्या अभिप्रायाचे आम्हाला काही करता येत नाही. पण कोणत्या कामात काय अडले हे लिहिलेला अभिप्राय बैठकीत वाचला जातो.

तोपर्यंत तिच्यासाठी दोन मार्ग आहेत. टास्कबार आपोआप लपण्याचा पर्याय निवडला की उंची परत मिळते. किंवा पडद्याचा स्टँड फिरणारा असेल तर पडदाच उभा करून डिस्प्लेच्या सेटिंग्जमध्ये पोर्ट्रेट निवडावे. जुळवलेले पान वाचायला ते फार सोयीचे पडते.

ही स्थिती एकाच कंपनीची नाही, हेही नोंदवते. एप्रिल २०११ मध्ये लिनक्स या दुसऱ्या संगणक-प्रणालीवर ग्नोम ३ हे पडद्याचे नवे रूप आले, तेव्हा जुन्या मांडणीवर प्रेम असलेल्यांनी तिच्या सांगाड्यावरून मेट हा वेगळा प्रकल्पच उभा केला, आणि तो आजही चालू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपलने काचेसारखे पारदर्शक रूप आणले. अक्षरे वाचता येत नाहीत असे अनेकांनी म्हटल्यावर नोव्हेंबरच्या अद्यतनात ती काच कमी पारदर्शक करण्याचा पर्याय देण्यात आला.

---

करसल्लागार (सदाशिव पेठ)

वरील सर्व उत्तरांमध्ये डोळ्यांचा विषय राहून गेला आहे. मला काचबिंदू आहे आणि नजरेचा परीघ कमी झाला आहे. मधोमध आलेले स्टार्ट माझ्यासाठी वरदान ठरले, कारण कोपऱ्यापर्यंत नजर नेणे हेच मला कष्टाचे होते. त्यामुळे 'सर्वांना जुन्या जागा परत द्याव्यात' असे करण्यापूर्वी प्रत्येकाला विचारावे, अशी विनंती आहे. काकांना कोपरा हवा असेल, पण दुसऱ्या कुणाला नको असू शकेल.

सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी असा स्वतंत्र भाग आहे. तिथे अक्षरांचा आकार २२५ टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. त्याच भागातल्या व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये पारदर्शकता बंद करता येते आणि कडेची सरकपट्टी कायम दिसत राहील असे करता येते. ही पट्टी नव्या रूपात बारीक होऊन लपते, आणि मी कित्येक दिवस असे समजत होतो की यादी इथेच संपली. मुद्रितशोधन करणाऱ्या माणसाने या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी कराव्यात. अनुस्वार राहिला आहे की पडद्यावरचा धुळीचा कण आहे, हे ज्याला दिवसभर पाहायचे आहे त्याच्या डोळ्यांना पार्श्वभूमीच्या धूसरपणाशीही झगडायला लावू नये.

तुमच्या कामासाठी एक नवी सोय मला खरोखर चांगली वाटते. विंडोज आणि झेड या कळा दाबल्या की पडद्याचे भाग कसे पाडायचे याचे नमुने दिसतात. डावीकडे स्कॅन केलेले हस्तलिखित आणि उजवीकडे जुळवलेले पान, अशी जोडी एकदा लावली की ती टास्कबारवरही एकत्र राहते. मी याच रीतीने एका बाजूला पक्षकाराची कागदपत्रे आणि दुसऱ्या बाजूला विवरणपत्र ठेवतो.

शेवटी एक सावधगिरी. याच वेळी संगणकाची भाषा इंग्रजीतून मराठी करण्याचा मोह होईल. मी मराठीचा आग्रही आहे आणि पुढे तुम्ही ते अवश्य करावे. परंतु जागा आणि शब्द एकदम बदलले तर फोनवरून मदत करणारा माणूस इंग्रजी शब्द सांगेल आणि काकांना पडद्यावर तो कुठेच दिसणार नाही.

---

संगणकसेवा

पडदारचना यांनी सांगितलेल्या स्टँडबाबत एक सूचना: पडदा फिरवण्याआधी मागच्या केबलची लांबी पाहा. आणि ताई, नव्या आवृत्तीवर गेल्यावर स्टार्ट मेनूची मांडणी पुन्हा बदललेली दिसू शकते. सध्या जी नवी मांडणी येत आहे तिच्यात सर्व सॉफ्टवेअर त्याच एका पानावर खाली सरकवत पाहता येतात आणि सुचवलेल्या फायलींचा भाग बंद करता येतो. मला ती आधीच्यापेक्षा बरी वाटते. पण ती टप्प्याटप्प्याने येते, त्यामुळे एकाच खोलीतल्या दोन संगणकांवर काही दिवस दोन वेगळे मेनू असतील. माणसांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर आपलेच काही चुकले असे ते समजतात.

---

अक्षरजुळणी (नारायण पेठ), ८ डिसेंबर २०२५

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवडे थांबून, करून पाहून मग लिहिते आहे.

विनव्हरने दाखवले की चारही संगणकांवर २३एच२ होते. म्हणजे विंडोज १० सोडून आम्ही ज्या जागी आलो तिथलीही अद्यतने थांबलेलीच होती. दोन शनिवारी दोन-दोन संगणक पुढच्या आवृत्तीवर नेले. त्यानंतर प्रत्येकाला वेगळे विचारले. काका आणि मी, आम्हा दोघांना कोपरा हवा होता. आमचे मुद्रितशोधक मात्र म्हणाले की त्यांना मधोमधच बरे वाटते, फक्त हे विचारायला इतके दिवस का लागले. करसल्लागारांनी लिहिले नसते तर मी त्यांचेही डावीकडे करून टाकले असते. पारदर्शकता चारही ठिकाणी बंद केली आणि सरकपट्टी कायम दिसेल असे केले. मुद्रितशोधकांना सर्वांत जास्त समाधान याच गोष्टीचे आहे.

काकांना पहिल्या आठवड्यात फक्त एफ २ दाखवले. त्यांनी जुन्या निमंत्रणपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर ते लिहून पडद्याच्या कडेला चिकटवले. मागच्या सोमवारी त्याखाली दुसरी ओळ आली. जुने रूप आणणारे कोणतेही सॉफ्टवेअर घातलेले नाही.

सहकारी मुलीचा पडदा फिरत नाही, म्हणून तिने टास्कबार लपवला आहे. उंची मिळाली, परंतु पानाच्या तळाशी बाण नेला की तो वर येतो आणि नेमकी पृष्ठक्रमांकाची ओळ झाकतो, त्यामुळे ती समाधानी नाही. तिने अभिप्राय लिहिला आहे. पडदारचना यांनी सांगितल्याप्रमाणे त्यात एका दिवसाची मोजणी दिली: दोनशे चाळीस पानांचे पुस्तक, आणि प्रत्येक पानाला किमान एकदा सरकवणे.

पाचव्या संगणकाची इंटरनेटची केबल काढून ठेवली आहे. जुन्या फाँटमधले काही आले तर फायली पेन ड्राइव्हवरून ने-आण करतो.

स्टार्टची नवी मांडणी आतापर्यंत फक्त माझ्या संगणकावर आली आहे. ती काकांच्या संगणकावर यायच्या आधी त्यांना माझ्या शेजारी बसवून एकदा दाखवणार आहे. बाकीच्या संगणकांवर आली की इथेच कळवते.